तक्त्यात नसलेली ओळ

हिरवा रंग दिसला की अजूनही माझं डोकं तापतं. बिचाऱ्या रंगाचा काही दोष नाही, दोष माणसांचा.

बंगळुरूत येलहंकाच्या बाजूच्या एका इस्पितळात मी संगणक विभागात होते. इस्पितळाचे स्वतःचे सर्व्हर तळघरात होते आणि त्यांच्यावर ढीगभर कामं आपोआप चालायची. बॅकअप घेणं, बंद पडलेली यंत्रणा परत सुरू करणं, एका विभागाचे रिपोर्ट दुसऱ्या विभागाला पोहोचवणं. प्रत्येक कामासाठी कुणीतरी कधीतरी संगणकाला सूचना देणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवलेली. आता या सगळ्याच्या बुडाशी असलेली प्रणालीच बदलणार होती, शुक्रवारी. नव्या प्रणालीवर जुन्या स्क्रिप्ट जशाच्या तशा चालणार नव्हत्या. एकेक शोधून काढायची, नव्यावर चालवून बघायची आणि तक्त्यात नोंदवायची, हे काम माझ्याकडे होतं.

तपासली नसेल तर ओळ लाल, तपासून झाली की हिरवी. एवढं साधं. पण सोमवारी सकाळीच आमच्या साहेबांनी फर्मान काढलं, "पहले सब ग्रीन कर दो, मैनेजमेंट को दिखाना है. टेस्टिंग होती रहेगी."

आणि टीमनं केलं! जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळा तक्ता हिरवागार, आणि एक स्क्रिप्ट कुणी उघडून बघितली असेल तर शपथ. मी सगळ्या ओळी परत लाल केल्या. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून मी फार निगेटिव्ह आहे असं ऐकवलं. मी नागपूरची, ऐकून घ्यायची सवय नाही. म्हटलं, "सर, ये हॉस्पिटल है, बिस्किट की फैक्टरी नहीं." ते मोबाइल बघत बसले.

बुधवारी लिफ्टपाशी अक्का भेटल्या. अक्का म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. त्यांचं मराठी घराणं कैक पिढ्यांपासून इथलंच, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात निम्मी कन्नड.

"स्वल्प थांब गं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी तुम्ही सगळं बदलणार म्हणे. डायलिसिसवाल्यांचं पोटॅशियम फार वाढलं की डॉक्टरांच्या फोनवर निरोप जातो बघ, तो जाईल ना?"

"जाईल की अक्का," मी म्हटलं, आणि वर येऊन तक्ता उघडला. तसली ओळच नव्हती. लाल नाही, हिरवी नाही, नाहीच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटॅशियम तेवढं वाढलं तर माणसाचं हृदय बंद पडू शकतं. निरोप गेला नाही तर आकडा नुसता संगणकात बसून राहणार आणि डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात. मी टीमला खोलीत बोलावलं आणि तोंड सोडलं. इस्पितळाच्या सामाईक खात्यावरची सगळी कामं तक्त्यात होती, म्हणजे हे कुणाच्या तरी स्वतःच्या लॉगिनवर चालत असणार. तक्त्याच्या डोक्यावर मीच मोठ्या अक्षरांत नियम लिहिला होता की स्वतःच्या लॉगिनवर कुणी काही चालवत असेल तर सांगा, शुक्रवारी ते बंद पडेल. मी टेबलावर हात आपटून विचारलं, "अपने लॉगिन पे हॉस्पिटल का काम कौन चलाता है? घर का मामला है क्या?"

माझ्या शेजारी बसणारा सहकारी लॅपटॉपवर शोधत होता. शोधून झाल्यावर त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, ये आपका लॉगिन है."

चार वर्षांपूर्वी, मी नवी असताना, अक्काच माझ्याकडे आल्या होत्या. एका म्हाताऱ्या पेशंटचा रिपोर्ट तासभर कुणी बघितलाच नव्हता. म्हातारा थोडक्यात बचावला होता. त्याच दुपारी मी ही स्क्रिप्ट लिहून दिली होती. तात्पुरती, माझ्या लॉगिनवर, उद्या नीट करू म्हणून. तो उद्या काही उगवला नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण आईच्या तोंडून हजारदा ऐकली होती. आता चार माणसांसमोर ती माझ्यावरच उलटली. साहेबांचा राग आला होता त्याच्या दसपट मला माझा आला. त्यांनी निदान खोटा रंग तरी भरला होता, मी ओळच घातली नव्हती.

ओळ घातली. लाल. पुढे स्वतःचं नाव लिहिलं आणि प्रयोगशाळेत गेले.

"अक्का, मघाशी मी न बघताच बोलले," मी म्हटलं. "ते काम यादीतच नव्हतं. चूक माझी आहे. शुक्रवारच्या आत नीट करते, पण मी येऊन सांगेपर्यंत आकडा वाढलेला दिसला की तुम्ही स्वतः वॉर्डात फोन करा. पूर्वी करायचात तसा."

तो फोन मीच बंद करायला लावला होता. आता आपोआप जाईल, तुम्ही कशाला त्रास घेता, असं अगदी ऐटीत सांगितलं होतं.

अक्का रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. आतून वॉर्डांच्या फोन नंबरांची वही काढली. जुनी वही, पण बदललेले नंबर खोडून नवे लिहिलेले, अगदी गेल्या महिन्यात सुरू झालेल्या वॉर्डाचासुद्धा.

"तुझ्यावर भरवसा होता गं," त्या म्हणाल्या, "पण वही मी कधी टाकली नाही."