पाळकसाहेब फाटकाशी थांबले

परवा कुपवाडच्या एमआयडीसीत लेथ मशीनच्या ऑइलचा वास आला आणि ती दुपार आठवली. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला असताना माझ्या हातून बिघडलेले पार्ट मी भंगारात लपवले होते आणि आळ सोबतच्या तानाजीवर आला होता. माझं कॉलेज त्याच नोकरीवर चालायचं. घाबरून मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं.

"शेठला तुमीच सांगा की, साहेब."

"न्हाई रं. चूक तुझी, तूच सांगायचं. मी फाटकाशी थांबतो."

तेव्हा ते कठोर वाटले. आत जाऊन मी सगळं कबूल केलं. शेठ कडाडले, मग म्हणाले, "रविवारी येऊन सगळे पार्ट नवे करून दे."

बाहेर पाळकसाहेब भर उन्हात उभेच होते. माझ्यासाठी दुसरं कोण असं थांबलं असतं, हे आज पदवीधर झाल्यावर कळतं.

"साहेब, नोकरी राहिली!"

"आन् तानाजी?"

"त्यो बी सुटला!"

मग त्यांनी हसत स्कूटरला दणक्यात किक मारली.