ड्रमरच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ

जयसिंग घाटग्यांचं पुस्तक निघणार, ही बातमी लीलावतीबाईंना मराठी मंडळाच्या तिळगुळाला कळली आणि तोंडातली वडी त्यांना गोड लागेना.

जयसिंग म्हणजे ड्रम बडवणारा! 'गोमती रोलर्स' या रॉक बँडमध्ये पुढे उभं राहून गायचे ते मोहन, बाईंचे यजमान. लखनौच्या कॉलेजांतून मुली ओरडायच्या त्या मोहनच्या नावानं, वर्तमानपत्रात फोटो यायचा तो मोहनचा. जयसिंग मागे, झांजांच्या थाळ्यांआड. दिवसा सरोजिनी नगरला स्कूटरच्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी ड्रम. वडील हवाई दलात होते. त्यांची बदली झाली तेव्हा हा इथंच राहिला. नव्या क्वार्टरमध्ये ड्रम मावणार नाहीत, एवढंच कारण त्यानं घरी सांगितलं होतं. बोलण्यात इतका कच्चा, की स्टेजवर नाव पुकारलं तर नमस्कार करायचं सोडून थाळीवर एक टोला हाणायचा.

आणि आता त्याचं आत्मचरित्र! मोहन मात्र एक ओळ न लिहिता गेले.

झालं होतं असं. खांद्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ड्रम बंद केले. तेलीबागच्या घरी जयसिंग मांडीवर बोटं वाजवत बसू लागला आणि बोटं चालली की तोंडही चालायला लागलं. मुलगी नेत्रा पुण्याहून सुट्टीवर आली होती. तिनं ते बोलणं फोनमध्ये भरून घेतलं, परत जाऊन टाइप केलं आणि तिथल्या एका लहानशा प्रकाशकाला दिलं. तो म्हणाला, "गाणाऱ्यांची पुस्तकं ढीगभर येतात. मागे बसणाऱ्याचं पहिल्यांदाच आलं."

हे वाक्य बाईंना फार झोंबलं.

मग एका सकाळी जयसिंग स्वतःच जानकीपुरमला आला. एका हातात कागदांचा गठ्ठा, दुसऱ्यात मख्खन मलाईचा, म्हणजे थंडीतल्या त्या दुधाच्या गोड फेसाचा द्रोण. शहर ओलांडेपर्यंत मलाईचं दूध झालं होतं.

"या लेखक," बाई म्हणाल्या.

"काय वहिनी, चेष्टा करता गरिबाची." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "एक काम होतं. मुखपृष्ठाला फोटो हवाय. माझा वाजवतानाचा एकही धड नाही. सगळ्यांत मोहन पुढे."

"पुढेच असणार. गायक होते ते."

"तुमच्याकडचा तो मोठा फोटो आहे ना, भिंतीवरचा... त्यात मोहनच्या मागे माझं कोपर दिसतं. प्रकाशक म्हणतो, मोहनला थोडं कापलं तर..."

"कापलं तर?" बाईंचा आवाज चढला. "माझ्या नवऱ्याला कापून तुमचं कोपर छापणार? आणि कोपराला ओळखणार कोण?"

"आजी, दे दो ना यार," आतून नात सृष्टी म्हणाली. "अंकल इतनी दूर से आए हैं।"

"तू गप्प बस. फोटो मिळणार नाही."

जयसिंगची बोटं गुडघ्यावर हलली आणि थांबली. "बरं. हे तेवढं वाचा. मोहनबद्दलचं काही चुकलं असेल तर सांगा."

बाई पेन्सिल घेऊन बसल्या त्या चुका काढायलाच. मोहनला दुय्यम केलेलं एक वाक्य त्यांना हवं होतं. सापडलं ते निराळंच.

'मोहन कसा गायचा ते सगळं लखनौ सांगेल. मी त्याला मागून पाहिला. ओळ उचलायच्या आधी त्याची डावी टाच वर यायची. मी लोकांकडे कधी बघितलं नाही. टाच बघायचो. ती वर आली की माझी काठी खाली.'

पेन्सिल हातातच राहिली. टाच? एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना ती दिसली नव्हती. घरात मोहन गुणगुणायचे तेव्हा बाई ओट्याशी असायच्या, त्यांच्याकडे पाठ करून. कार्यक्रमांना त्या जात नसत. मुलं लहान होती. त्या सगळ्या संध्याकाळी या मुखदुर्बळ माणसानं त्यांचा नवरा डोळे भरून पाहिला होता! पुस्तकापेक्षाही त्यांना आता हे सहन होईना.

तेव्हा आठवला त्या हजर होत्या तो एकच, मंडळाच्या गणपतीतला कार्यक्रम. स्टेजमागे प्रसादाचा शिरा करता करता त्यांनी पडदा सारून एक फोटो काढला होता. मोहन तो बघून वैतागले होते. "माझी पाठ कोण बघणार, लीला?" फुकट गेलेला म्हणून बाईंनी तो अल्बमच्या शेवटी उलटा घालून ठेवला होता.

त्यांनी तो सुलटा केला. जयसिंग बाजूनं अख्खा दिसत होता, काठी उगारलेली, नजर खाली. नजरेच्या टोकाला पाठमोरे मोहन. डावी टाच वर.

बाईंनी फोन लावला. "भिंतीवरचा मिळणार नाही. दुसरा आहे. पण कुणाला कापायचं नाही. आणि फोटो कुणी काढला, ते नाव आत छापायचं. पूर्ण नाव."

"छापतो, वहिनी."

प्रकाशनाला मंडळाच्या हॉलमध्ये जो तो मुखपृष्ठाची तारीफ करत होता. बाईंनी आधी आतलं पान उघडलं. 'छायाचित्र : लीलावती मोहन कानिटकर.' मग कुठे त्या खुर्चीला टेकून बसल्या.

सृष्टीनं पुस्तक हातात घेतलं. "आजी, इसमें आजोबा कहाँ हैं?"

"हे काय, समोर तर आहेत."

"ये तो पीठ है।"

"पाठ नको बघूस," बाई म्हणाल्या. जयसिंगला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं आणि लग्नापासून ठाऊक असल्याच्या थाटात. "टाच बघ."