मागच्या सीटची डावी पाठ

आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटची घडी होते. तिच्या डाव्या पाठीचा खटका कडीत नीट अडकत नसे, आणि ब्रेक लागला की पाठ पुढे कोसळे. आज बोल्ट सैल करून कडी जराशी पुढे सरकवली आणि पुन्हा आवळली. खट्ट आवाज आला. एवढंच तर होतं.

डावीकडे बाबा बसायचे आणि गाडी सुरू झाली की पेंगायला लागायचे. शेजारी बसलेली आई गप्पा न थांबवता, त्यांच्या मानेमागून हात नेऊन ती पाठ धरून ठेवायची. वस्तूची खोड अशी माणसाच्या अंगात मुरत जाते. मग ती गाडीत आहे की हातात, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

संध्याकाळी आईला घेऊन भाजी आणायला निघालो. बाबा जाऊन वर्ष होत आलं, तरी ती मागे उजवीकडेच बसते. पुढे गतिरोधक दिसला. मी ब्रेक दाबायच्या आत तिचा हात रिकाम्या जागेमागे गेलेला आरशात दिसला.

"आई, आता नाही पडत ती."

"माहितीये," ती म्हणाली, आणि हात तिथेच राहू दिला.