बांधावरून दिसलेले बुडबुडे

भाताची लावणी करताना सुमनवहिनींचा पाय चिखलात रुतला, की पोटरीभोवती बुडबुडे उठायचे. बांधावर बसून मी तेच पाहत होतो. तुंबलेल्या पाण्याखाली काडीकचरा कुजतो, त्यातून मिथेन सुटतो आणि हवेत मिसळून तिची ऊब वाढवतो. त्याला रंग नाही, वास नाही. तरी आता उपग्रह त्याचा माग काढतात, हे मी वहिनींना सांगितलं.

कंबर सरळ करत त्यांनी वर पाहिलं. "इतक्या लांबून कळतं?"

"कळतं."

त्यांनी पाय बाहेर काढला. चिखल्यांनी बोटांच्या बेचक्यातली कातडी सोलली होती. "मग हेही कळत असेल की."

पाय पुन्हा चिखलात गेला. मोजता येण्यासारखं होतं तेवढंच बुडबुड्यांतून वर आलं.