साडूंचं निळं वाळवंट

संयुक्त अरब अमिरातीत राहून उन्हावर मनापासून प्रेम करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. बाकी आम्ही सगळे इथे उन्हाला पाठ दाखवून जगतो. घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून मॉलमध्ये, आणि मग डॉक्टर सांगतात की ड जीवनसत्त्व कमी आहे. साडूंचं ते कधीच कमी भरलं नाही. गंमत म्हणजे हे हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. उन्हाळ्यात भर दुपारी कामगारांना उन्हात राबवायचं नाही असा इथला कायदा आहे, आणि तो पाळला जातोय ना हे बघणं साडूंचं काम. आठवडाभर ते "यल्ला, छाँव में चलो, काम खलास!" म्हणून लोकांना सावलीत हाकलायचे, आणि सुट्टीच्या दिवशी बरोबर त्याच वेळेला मलेहाच्या वाळवंटात ट्रायपॉड रोवून स्वतः उभे राहायचे.

वाळवंटाचे फोटो काढणारे इथे पुष्कळ आहेत. ते शहाण्यासारखे पहाटे जातात, नाहीतर सूर्य कलताना. वाळूवर केशरी ऊन पडलं की चार फोटो काढतात, इथला कडक दुधाळ करक चहा पितात आणि घरी येतात. साडूंना ही शुद्ध फसवणूक वाटे. "संध्याकाळच्या उजेडात काय हो, कोणीही देखणं दिसतं," ते म्हणायचे. "बाराच्या उन्हात टिकतं ते खरं रूप!" त्यांच्या फोटोत माणूस नसे, झाड नसे, सावली तर औषधालाही नसे. छत्री कॅमेऱ्यावर, ओला पंचाही कॅमेऱ्यावर, आणि स्वतः बोडक्या डोक्याने. ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, एसी लावून गाडीत मेथी निवडत बसायच्या. एकदा फ्रेममध्ये एक उंट शिरला. त्याला हटवा म्हणून साडूंनी लांबून जोरजोरात हात हलवले. उंटवाल्याला वाटलं, फोटोसाठीच बोलावताहेत. त्याने उंट अगदी मधोमध आणून उभा केला, स्वतःची पगडी नीट केली आणि म्हणाला, "अब निकालो साब, बहुत शरीफ ऊंट है." साडूंनी निमूटपणे फोटो काढला. त्यांच्या सगळ्या संग्रहात ताईंना आवडणारा फोटो तेवढाच.

फोटो मुळात झकास यायचे. खरा गोंधळ पुढे, कॉम्प्युटरवर सुरू व्हायचा. दुपारचं ऊन पांढरंशुभ्र असतं अशी साडूंची श्रद्धा, आणि पडद्यावर मात्र त्यांना सगळं पिवळं दिसायचं. मग ते पिवळं काढत बसायचे. तेही मूळ फोटोवरच, कारण जुनी प्रत ठेवणं म्हणजे आपल्याच नजरेवर अविश्वास. असं करता करता वर्षागणिक त्यांचं वाळवंट निळसर झालं, आणि मग चक्क निळं. फोटो छापून देणारा मलयाळी दुकानदार एकदा न राहवून म्हणाला, "सार, ये डेझर्ट है कि समुंदर?" साडू म्हणाले, "पीला कम करो. और कम करो." माझ्या मुलीने तर विचारलं, "काका, इज धिस द मून?" साडू जाम खूश. म्हणाले, "पोरीला नजर आहे."

आम्ही राहतो त्या अल नहदा वस्तीत आमच्या ओळखीतली एकही बैठकीची खोली या फोटोंतून सुटली नाही. आमच्याही सोफ्याच्या वर, भिंतीवर, एक आहे. आम्ही सगळे "वा! काहीतरी वेगळंच!" म्हणायचो. आम्हाला वाटलं, ही कला असावी, आणि कलेपुढे आमचा नेहमीच नाइलाज असतो. शिवाय साडूंची निवृत्ती जवळ आली होती. पुण्याच्या फ्लॅटमधली एक अख्खी भिंत या फोटोंनी भरायची, एवढं एकच स्वप्न ते बोलून दाखवायचे. "ही माझी इथली कमाई," म्हणायचे.

मग लायसन्सचं नूतनीकरण आलं. त्यासाठी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला गेले, तर समोरची मोठी अक्षरंसुद्धा धड वाचता येईनात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला. डॉक्टर सहज म्हणाले, अशा डोळ्यांना सगळं पिवळट दिसतं. ताईंच्या डोक्यात तिथल्या तिथे लख्ख प्रकाश पडला. ऑपरेशनं लागोपाठ झाली, आणि दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा मला फोन. "भिंतीवरचे सगळे उतरवून ठेवू का हो? त्यांना काय वाटेल?" मी म्हटलं, "तुमचे उतरवाल ताई, पण अर्ध्या अल नहदातले कोण उतरवणार?"

साडू घरी आले आणि एकेका फोटोपुढे उभे राहिले. "हे सगळे असेच होते?" त्यांनी विचारलं.

"हो," ताई म्हणाल्या.

"तुला दिसत होतं?"

"तुम्ही इतके खुशीत असायचात. मला वाटलं, तुम्हाला असंच हवंय."

साडूंनी चहा मागितला आणि तो प्यायचं विसरून गेले. पुढच्या सुट्टीला मी त्यांना मलेहाला घेऊन गेलो. नेहमीच्या जागी ते बराच वेळ नुसते बघत राहिले. "पिवळं आहे हो, साडूभाऊ," शेवटी म्हणाले. "केवढं पिवळं!" त्यांनी एकच फोटो काढला. तो अगदी बिनचूक आला, वाळू वाळूसारखी. पुण्याला जाताना तेवढाच घेऊन गेले आणि बाकीचे टाकून द्या म्हणाले. आमच्यापैकी कोणीच टाकले नाहीत.

आता अधूनमधून व्हिडिओ कॉल होतो. त्यांच्या पाठीमागे ती मोठी भिंत आणि तिच्यावर तो एकटा पिवळा फोटो. इकडचं तिकडचं बोलून झालं की साडू आवाज खाली आणून म्हणतात, "जरा फोन भिंतीकडे करा." मी सोफ्याच्या वर धरतो. एकदा मी विचारलं, "काय बघता एवढं?" तर म्हणाले, "तेव्हा मला कसली म्हणून शंका नव्हती हो. फार सुखात उभा होतो मी तिथे." मी फोन तसाच धरून ठेवतो. हात भरून येतो, पण खाली घेववत नाही.