आरशातले आप्पा

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून वडिलांना, आप्पांना, गाडीने फिरवत होतो. दोन्हीकडे उंच झुडपांचं कुंपण, मधे एकाच गाडीपुरती वाट, आणि समोरून ट्रॅक्टर आला. मलाच मागे जावं लागणार होतं. मागच्या वळणावर बाजूला घ्यायला जागा होती, पण तिला लागूनच ओढा होता. मी रिव्हर्स टाकला आणि ब्रेक दाबून धरला.

एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आप्पा न विचारताच उतरले आणि मागे जाऊन डिकीवर थाप मारू लागले.

“येऊ दे... येऊ दे... अरे, ब्रेकवर नाचू नकोस! बस!”

ट्रॅक्टरवाला हात उंचावून निघून गेला.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. इथवर आपण एकट्याने आलो, असं कधीकधी वाटायचं. आरशात पाहिलं. ओढा आणि गाडी यांच्यामधल्या हातभर जागेत आप्पा उभे होते.