कोटाचा उजवा खिसा

"गाडी नका दावू, माणूस दावा. बोट काढा तिथून, कोट झाकला तुमी."

"आपा, माणूस ओळखायचा नाय. माणूस माझा बाप हाय. ओळखायची हाय ती गाडी."

"बाप तुमचा असंल. कोट कुणाच्या हातचा हाय ते तर बघू द्या."

धम्मपालनं बोट काढलं. जहांआरा आपांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि रिळांच्या डब्यातलं भिंग डोळ्याला लावलं. शेजारच्या मशीनवर त्यांची सून नौशीन रिक्षाच्या गादीला शिवण मारत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बसा काका. अम्मीला गाडी इचारली की त्या गुंड्या मोजत्यात."

शहागंजच्या मागच्या गल्लीत हे दुकान. दुकान कसलं, दोन मशिनी, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि बसायला एका जुन्या जीपचं मागचं बाकडं. शहरातल्या निम्म्या रिक्षांच्या डोक्यावरचं छप्पर इथूनच जातं. आपांचं वय ब्याऐंशी. पायडल आता सून मारते, पण कापायची कात्री आपा कुणाच्या हाती देत नाहीत. त्यांचे अब्बा खुलताबादचे. मोटारींचे हूड, म्हणजे वरची घडीची छपरं, आणि गाद्या शिवायचे, आणि मोटारवाल्यांच्या ड्रायव्हरांचे कोटसुद्धा. दहा वर्षांच्या असताना आपांची कामं दोनच, दोऱ्याला मेण लावायचं आणि मापं पाटीवर लिहायची. शाळेत दुसरीपर्यंतच गेल्या, पण आकडे पक्के झाले ते पाटीवर.

धम्मपाल देवगाव रंगारीचा. एकतीस वर्षं एस.टी. चालवून रिटायर झालेला माणूस. गावातल्या विहारात भिंतीवर जुन्या माणसांचे फोटो लावायचे ठरले होते, प्रत्येकाखाली एक ओळ. धम्मपालनं बापाचा, कडूबांचा, फोटो दिला आणि ओळ सांगितली, 'खुलताबादकडच्या जहागीरदारांचे मोटार ड्रायव्हर'. चुलतभाऊ म्हणाला, "क्लिनर लिही. त्या काळात आपल्या माणसाच्या हाती कोण मोटार देतंय? फडकं मारत असतील." बाकीचे गप्प बसले. त्या गप्प बसण्याचंच धम्मपालला जास्त लागलं. लहानपणापासून तो हेच ऐकत आला होता. बाप थोडं बोलणारा, कागद एक नाही, आई जाऊन वीस वर्षं झालेली. रविवारी पेंटर येणार होता. गाडी कोणती ते कळलं तर तिच्या मालकाचा आणि ड्रायव्हरचा तरी माग लागेल, एवढीच आशा. खोटं त्याला लिहायचं नव्हतं, आणि खरं काय ते ठाऊक नव्हतं.

फोटोत गाडीचा पुढचा अर्धा भाग दिसतो. लांब नाक, दोन मोठे दिवे, आणि नाकाच्या शेंड्यावर साधं गोल झाकण. बाजूला कडूबा ताठ उभे. धम्मपालची मुलगी मेघा हिनं फोनला फोटो दाखवला, तर फोननं तीन वेळा तीन नावं सांगितली. जालना रोडच्या गॅरेजवाल्यांनी आणखी दोन. नाकावर खूणच नाही तर ओळखायचं कशावरून, असं सगळ्यांचं म्हणणं. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं इकडं धाडलं.

"उजवा खिसा बघा," आपा म्हणाल्या. "डाव्यापेक्षा चार बोटं खाली उतरलाय. कडंला गोट दिसतो का, काळा?"

"दिसतो."

"चामडं हाय ते. हुडाच्या कापातलं उरलेलं. आत अख्खी चामड्याची पिशवी हाय. तिचा दोरा मी मेणवला." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पाखराची गाडी हाय ही. अब्बा पॅकार म्हणायचे."

"पॅकर्ड?"

"असंल तुमचं पॅकर्ड. तिच्या नाकावर धातूचं पाखरू होतं, पंख वर, मान खाली घातलेली. पाण्याच्या टाकीचं झाकणच ते. जहागिरी गेली तरी मालकानं गाडी आणि पाखरू सोडलं नव्हतं. उरुसात गाडी उभी केली की पोरं ते पिळायची. मग ड्रायव्हर काय करायचा, पाखरू काढून खिशात टाकायचा आणि तिथं साधं झाकण बसवायचा. हे बघा, तेच झाकण."

धम्मपाल झाकणाकडं बघत राहिला. फोन काय, गॅरेजवाले काय, सगळ्यांनी याच झाकणापुढं हात टेकले होते.

"पाखरू तापलेलं असायचं. चोचीनं खिसा फाटायचा, वरून कापड करपायचं. दोनदा ठिगळ लावलं. तिसऱ्यांदा अब्बा म्हणाले, ह्याला आतून चामडंच पायजे."

"अम्मी, तुमी बसल्या होत्या ना त्या गाडीत?" नौशीननं विचारलं.

"माप घ्यायला अब्बा आत गेले तवा. मालकाचा माणूस म्हणला, पोरीला चपला काढून बसवा. चपला होत्या कुणाला?" आपा हसल्या. "गादीवर दोन्ही पाय घेऊन बसले. लई गार लागली गादी. तसलं चामडं पुन्हा हाताला आलं नाय. आता हे रेक्झिन, उन्हात बसलं तर ढुंगणाला चिकटतं."

धम्मपालनं फोटो हातात घेतला, पण उठला नाही. एस.टी.तला माणूस, दोनदा बघितल्याबिगर गिअर टाकायचा नाही.

"आपा, एक इचारू? कोट ड्रायव्हरचा, हे खरं. पण फोटोपुरता दुसऱ्याचा घातला असंल तर? क्लिनरनं?"

नौशीनचं मशीन थांबलं. आपांना राग आला नाही. त्यांनी फोटो परत घेतला आणि या वेळी खिसा सोडून वर बघितलं.

"खांदे सारखे दिसतात का तुमच्या बापाचे?"

"व्हय."

"घरात सारखे होते?"

धम्मपालनं आपलाच डावा खांदा चाचपला. मग म्हणाला, "नाय. डावा उतरता होता. फौजेत असताना अंगावर पेटी पडली होती. आई डाव्या अंगाला बसून जेवू घालायची, तो हात वर जात नव्हता."

"डावा दोन बोटं कमी," आपा म्हणाल्या. "मी लिहिलंय पाटीवर. अब्बानं आत कापूस भरून खांदा उचलला म्हणून फोटोत सारखे दिसतात. दुसऱ्यानं तो कोट घातला असता तर डाव्या बाजूला कुबड आलं असतं. हा कोट ह्याच माणसाचा हाय, आणि खिसा पाखराचा हाय. पाखरू हरवलं तर नोकरी जायची. क्लिनरच्या हाती देत नव्हते ते."

धम्मपालनं रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि तो रुमाल बराच वेळ तिथंच धरला.

"मग ड्रायव्हर लिहू?"

"आणखी काय लिहिता? आणि चुलतभावाला म्हणावं, शंका असंल तर शहागंजला ये. तुझं पण माप घेते."

धम्मपाल हसला. "रविवारी तुमी या आपा. गाडी करतो."

"कशाला? पाच हूड पडलेत. त्यापरीस एक काम करा. हा फोटो नौशीनच्या फोनात धाडा." त्यांनी बोटानं खिशाची जागा दाखवली. "एवढाच. गाडी कापली तरी चालंल."

"आख्खाच धाडतो की."

"आख्खा कशाला? अब्बाचा फोटो नाय आमच्याकडं. हातचं कामपण काय उरलं नाय, हूड सगळे भंगारात गेले." आपांनी चष्मा नाकावर आणला. "खिसा हाय तेवढा बास."

दारात एक रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाला आतूनच ओरडला, "आपा, मागची खिडकी झाली का?"

"मागची खिडकी परवा दिली. आता बाजूचा पडदा राहिलाय. आपली रिक्षा तरी ओळखत जा," आपा म्हणाल्या, आणि फळीवर रेक्झिन पसरून कात्री उचलली.